विकासाचा हिशेब आणि मराठी कादंबरी

१

स्वातंत्र्योत्तर भारताचा आर्थिक व सामाजिक विकास हा विषय आपल्याकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. आणि खरे सांगावयाचे तर, साहित्याच्या अभ्यासकानेही तशी अपेक्षा स्वतःकडून कधी बाळगलेली नाही. ज्या कादंबऱ्यांत ह्या विकासाची हकीकत अत्यंत जवळून नोंदली गेली आहे, त्या आपण 'ग्रामीण कादंबरी' ह्या नावाच्या कप्प्यात ठेवल्या. मग त्यांच्याविषयी बोलताना बोलीचा गोडवा, निसर्गवर्णन, व्यक्तिचित्रण एवढ्यावर आपले समाधान झाले.

प्रस्तुत लेखात आम्ही चार कादंबऱ्या एका ओळीत ठेवून वाचू इच्छितो : व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५), आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१), विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) आणि सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२). पहिलीपासून चौथीपर्यंत सत्तेचाळीस वर्षांचे अंतर आहे. चारही लेखकांची प्रकृती भिन्न आहे आणि त्यांनी एकमेकांस पूरक असे काही लिहिण्याचा संकल्प केलेला नव्हता. तथापि त्या क्रमाने वाचल्या असता एका मोठ्या देशाच्या स्थित्यंतराचा सलग वृत्तान्त हाती येतो, असे आमचे म्हणणे आहे. त्या वृत्तान्ताचा धागा शिक्षकाच्या व्यक्तिरेखेतून गेलेला आहे, ही गोष्ट आमच्या वाचकवर्गास विशेष जवळची वाटावी.

२

प्रथम विकासाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कादंबरीच्या बाजूने बोलणारा टीकाकार आकड्यांकडे पाठ फिरवू लागला, तर त्याच्या बोलण्यास वजन राहत नाही. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी भारताची लोकसंख्या ३६ कोटी होती आणि साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२१ कोटींवर गेली असता साक्षरता शेकडा ७४ झाली. १९५० च्या सुमारास माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, ते आता ७० च्या घरात आले आहे. १९५०-५१ साली सुमारे ५ कोटी टन धान्य पिकविणारा हा देश आता ३३ कोटी टनांहून अधिक धान्य पिकवितो. हे यश लहान नाही. जी मुले पूर्वी पाच वर्षांची होण्याआधी दगावत, ती आता शाळेत जातात; ह्याहून मोठी सामाजिक घटना कोणती ?

परंतु ह्याच आकडेवारीत आणखी एक जोडी आहे. १९५१ साली देशातील काम करणाऱ्या माणसांपैकी दहांतील सात शेतीवर राबत होती आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग शेतीतून येत होता. आज शंभरांतील पंचेचाळीसच्या आसपास माणसे शेतीत आहेत, आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र एकपंचमांशाहून कमी झाला आहे. शेतीतून उत्पन्न बाहेर पडले, पण माणसे त्या वेगाने बाहेर पडू शकली नाहीत. ती का पडू शकली नाहीत, आत राहून त्यांनी काय केले, बाहेर पडताना कोणत्या दाराशी त्यांना अडविण्यात आले, ह्या प्रश्नांची उत्तरे कोष्टकातून मिळत नाहीत. आमच्या चारही कादंबऱ्यांची माणसे ह्या दोन आकड्यांमधल्या जागेत राहतात.

३

'बनगरवाडी' प्रसिद्ध झाली तेव्हा पहिली पंचवार्षिक योजना (१९५१–५६) चालू होती आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूह विकास कार्यक्रमाचे ग्रामसेवक गावोगाव जाऊ लागले होते. कादंबरीतील काळ मात्र त्याआधीचा, औंध संस्थानातील आहे. एक कोवळा तरुण मास्तर माणदेशातील धनगरांच्या वाडीवर नेमला जातो. शाळा नावापुरती आहे. मुले मेंढरांमागे आहेत. मास्तर वाडीचा विश्वास संपादन करतो, तो शिकविण्यापेक्षा लोकांची कामे करून : कोणाचा कागद लिहून, कोणाचे भांडण मिटवून, कोणाचा निरोप पोचवून. पुढे लोकांच्या श्रमातून तालीम उभी राहते आणि तिच्या उद्घाटनास राजेसाहेब येतात. विकासाच्या कोणत्याही अहवालात शोभावा असा हा प्रसंग आहे. लोकसहभाग, श्रमदान, सार्वजनिक वास्तू, वरिष्ठांची भेट, सर्व काही त्यात आहे.

आणि मग दुष्काळ येतो. चारा संपतो, मेंढरे मरतात, माणसे वाट फुटेल तिकडे निघून जातात. तालीम जागच्या जागी राहते. तिचा उपयोग करणारे कोणी उरत नाही. माडगूळकरांचा संयम असा की, ते ह्या घटनेवर भाष्य करीत नाहीत. ह्या संयमाची आजवर कलागुण म्हणून पुष्कळ स्तुती झाली आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र ह्या संयमाचा एक परिणाम असा झाला की, वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी तो दुष्काळ निसर्गाचा कोप म्हणून वाचला. आमच्या मते कादंबरीतच दुसऱ्या वाचनास पुरेशी जागा आहे. वाडीकडे शाळा आली, तालीम आली. पण एक पाऊस चुकला असता तग धरता येईल असे काहीही आले नाही. वाडीतील मेंढपाळाची सारी मत्ता मेंढरे हीच असते, आणि ती मेली म्हणजे त्याला वाडीत राहण्याचे कारण उरत नाही. सुधारणा माणसाच्या उपजीविकेपर्यंत न पोचता तिच्या अवतीभवती उभी राहिली, तर काय होते, ह्याचे हे पहिले आणि अजूनही सर्वांत स्वच्छ चित्र होय.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९७० ते १९७३ ह्या काळात महाराष्ट्रात 'बनगरवाडी'तल्याहून कितीतरी विस्तृत दुष्काळ पडला. तरी मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, कारण सरकारने लक्षावधी माणसांना कामे दिली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि २००५ साली देशपातळीवर तशाच स्वरूपाचा कायदा आला. दुष्काळ आणि वाडी उठणे ह्या दोहोंच्या मध्ये राज्यसंस्था उभी राहू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. 'बनगरवाडी' वाचून निव्वळ हळहळणाऱ्या वाचकाने हा पुढचा इतिहासही जवळ ठेवावा. म्हणजे कादंबरीतील दुःख अटळ नव्हते, हे त्याच्या ध्यानात येईल आणि ते दुःख त्यास अधिकच बोचेल.

४

'गोतावळा'त शाळा नाही. नारबा हा मळ्यावरचा गडी. स्वतःचे घरदार नसलेला, एकटा. मालकाच्या मळ्यावरील बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. कथन त्याच्याच तोंडून आणि संपूर्णतः त्याच्या बोलीत होते. कागल-निपाणी पट्ट्यातील वाचकास ही बोली परकी नाही. आमच्या सीमाभागात ती आजही कानी पडते. मळ्यावर ट्रॅक्टर येतो. तो आला म्हणजे बैलांचे काम संपते. बैलांचे संपले म्हणजे बैलांच्या गड्याचेही संपत जाते. जनावरे एकेक करून मळ्यावरून नाहीशी होतात आणि त्यांच्याबरोबर नारबाचे जगच आटत जाते.

ह्या कादंबरीविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात यंत्र विरुद्ध निसर्ग, जुने विरुद्ध नवे अशी मांडणी फार आढळते. आम्हांस ती अपुरी वाटते. एक तर ट्रॅक्टर आणणारा मालक खलपुरुष नाही. ज्या काळात संकरित बियाणे, रासायनिक खते आणि यंत्रे ह्यांच्या बळावर शेती बदलत होती, त्या काळातील कोणत्याही हिशेबी शेतकऱ्याने जे केले असते तेच तो करतो. ट्रॅक्टर घेण्याचा निर्णय नारबाला विचारून व्हावा, अशी अपेक्षा मालकाला नाही, गावाला नाही, खुद्द नारबालाही नाही. आणि कादंबरीचा खरा विषय येथेच आहे. ज्याच्या श्रमावर मळा उभा राहिला, त्याला मळ्याच्या भवितव्याविषयी बोलण्याचा काडीचाही अधिकार नव्हता, आणि ही स्थिती ट्रॅक्टर येण्यापूर्वीचीच होती.

म्हणूनच ह्या कादंबरीवर आमचा एक आक्षेपही आहे. नारबाचे जनावरांवरील प्रेम यादवांनी इतके उत्कट रंगविले आहे की, त्याच्या गडीपणातील दास्य त्या रंगाखाली झाकले जाते. मळ्यावरील पूर्वीचे जीवन जणू परिपूर्ण होते आणि यंत्राने ते मोडले, असा भास वाचकास होतो. वस्तुतः ज्या माणसाला आयुष्यभर राबूनही स्वतःचा संसार उभा करता आला नाही, त्याचे पूर्वजीवनही न्यायाचे नव्हते. ह्या उणिवेची भरपाई लेखकाने पुढे स्वतःच केली, असे आम्ही मानतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'झोंबी' ह्या त्यांच्या आत्मचरित्रात शेतावर राबणाऱ्या घरातील मुलगा शिक्षणासाठी बापाशीच झगडतो. शेतातील जीवनाच्या सौंदर्याची पुरेपूर जाण असूनही ते सोडून शाळेच्या दिशेने धावणारा तो मुलगा 'गोतावळा'चा उत्तरार्धच लिहितो. नारबाला जे दार माहीतच नव्हते, ते त्या मुलाला दिसले होते.

५

'झाडाझडती'त शिक्षक पुन्हा येतो. पण आता तो शाळेत क्वचितच सापडतो. जांभळी हे गाव धरणाखाली जाणार आहे. खैरमोडे गुरुजी गावकऱ्यांच्या बाजूने सरकारदरबारी खेटे घालतात. ज्या वाचता-लिहिता येण्याचा 'बनगरवाडी'च्या मास्तरला निरोप आणि कागद ह्यांपुरता उपयोग झाला, तेच वाचता-लिहिता येणे आता नोटिसा, अर्ज, निवाडे आणि नकला ह्यांच्या अरण्यातून वाट काढण्यास कामी येते. अर्थात वाट सापडतेच असे नाही. कादंबरीचे नावच आपल्या बोलण्यातल्या एका शब्दाला वेगळी धार देते : कसून घेतलेली झडती कोणाची होते ? धरण बांधणाऱ्या यंत्रणेची, की जमीन गेलेल्या माणसाची ?

धरणांशिवाय भारताच्या शेतीचा आणि उद्योगांचा विस्तार झाला नसता, हे आम्ही मान्य करतो. पंडित नेहरूंनी मोठ्या प्रकल्पांस नव्या युगाची मंदिरे म्हटले, त्यामागे पोकळ अभिमान नव्हता. महाराष्ट्रापुरते पाहिले, तरी कोयनेच्या विजेवाचून येथील कारखानदारीची वाढ कल्पिता येत नाही. पण ह्याच कोयनेच्या विस्थापितांना पुनर्वसनाच्या मागणीसाठी पुढच्या पिढ्यांतही आंदोलने करावी लागली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, १९८६ साली त्याजागी नवा कायदा आणला. देशभर लागू असलेला १८९४ चा भूसंपादन कायदा मात्र २०१३ साली नवा कायदा होऊन १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात येईपर्यंत टिकून होता. ज्यांना धरणाचे पाणी मिळणार, त्यांच्या जमिनीतून विस्थापितांना जमीन द्यावी, हे राज्याच्या कायद्यातील तत्त्व न्याय्य होते. कायद्याच्या कलमापासून प्रत्यक्ष सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंतचे अंतर माणसाला कसे चालावे लागते, हे पाटलांच्या कादंबरीचे कथानक आहे. लेखक स्वतः महसुली प्रशासनात असल्यामुळे कचेरीतील व्यवहाराचा जो तपशील येथे आला आहे, तो मराठी कादंबरीत पूर्वी एवढ्या विस्ताराने आलेला नव्हता.

कलाकृती म्हणून 'झाडाझडती' निर्दोष नाही. प्रसंगांची दाटी फार झाली आहे, आणि दुष्ट माणसे दुष्टपणाने इतकी ओतप्रोत भरली आहेत की, व्यवस्थेचा दोष व्यक्तींच्या स्वभावावर जातो. सज्जन कारकून असता तर जांभळीचे भले झाले असते काय ? कादंबरी हा प्रश्न पुरेसा विचारीत नाही. असे असूनही १९९२ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक तिला मिळाले ते उचितच होते, असे आम्हांस वाटते. सार्वजनिक हित ह्या शब्दातील 'सार्वजनिक' कोण, हा प्रश्न मराठी वाचकापुढे इतक्या नेटाने तत्पूर्वी क्वचितच आला होता.

६

'बारोमास'चा नायक एकनाथ हा ह्या सर्व मालिकेचा तार्किक शेवट आहे. तो शिकलेला आहे; नुसता साक्षर नव्हे, तर उच्चशिक्षित आहे. नोकरी मिळविण्यासाठी जो पैसा मोजावा लागतो तो त्याच्यापाशी नाही. म्हणून तो वडील सुभानराव यांच्याबरोबर वऱ्हाडातील आपल्या कोरडवाहू शेतीत राहतो. बियाणे, खत, कर्ज, बाजारभाव आणि पाऊस ह्या पाचांपैकी एकावरही त्याची सत्ता चालत नाही. शहरातून आलेली पत्नी अलका हे जीवन सोसू शकत नाही व निघून जाते. ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने बुलढाण्यासह सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली ती २००६ साली. सरकारी मदतीच्या चार वर्षे आधी कादंबरीने घराच्या आत जाऊन ही स्थिती पाहून ठेवली होती.

आता आमच्या सूत्राकडे वळू. १९५५ च्या कादंबरीत मुले शाळेत यावीत म्हणून मास्तर दारोदार हिंडतो. १९९१ च्या कादंबरीत गुरुजींची विद्या अन्यायाचे अर्ज लिहिण्यात खर्च होते. २००२ च्या कादंबरीत शाळेने आपले काम चोख केले आहे, मुलगा शिकून तयार झाला आहे, आणि त्याच्या शिक्षणाला घेणारा कोणी नाही. साक्षरता शेकडा १८ वरून ७४ वर गेली, ह्या वाक्यात बनगरवाडीची मुले आणि एकनाथ दोघेही मोजलेले आहेत. शिक्षणाने एकनाथला स्वतःच्या परिस्थितीची कारणे समजण्याइतके शहाणे केले. त्या परिस्थितीतून बाहेर पडण्याचे साधन दिले नाही. निरक्षर नारबाचे दुःख मुके होते. एकनाथचे दुःख बोलके आहे, इतकाच फरक पडला की काय, असा प्रश्न ही मालिका वाचून संपविताना मनात येतो.

अमर्त्य सेन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विकास म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचा विस्तार, अशी मांडणी केली. उत्पन्न वाढले की नाही, एवढ्यावर न थांबता, माणूस ज्या प्रकारचे जीवन मोलाचे मानतो ते जगण्याची शक्ती त्याला लाभली की नाही, हे त्यांनी विचारले. आमच्या चारही कादंबऱ्या कोणतीही परिभाषा न वापरता हेच विचारीत आल्या आहेत. वाडीत टिकून राहण्याची शक्ती, मळ्याच्या निर्णयात बोलण्याची शक्ती, आपली जमीन कशासाठी जात आहे हे जाणून मोबदला मागण्याची शक्ती, शिकलेल्या विद्येचे चीज करण्याची शक्ती : ह्यांपैकी कोणती वाढली आणि कोणती वाढली नाही, हा ह्या कादंबऱ्यांचा हिशेब आहे.

ह्या हिशेबात एक मोठी जमा राहून गेली आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. चारही कादंबऱ्यांचे मध्यवर्ती भान पुरुषाचे आहे. 'बारोमास'मधील अलका आपल्याला एकनाथच्या व्यथेतून दिसते. शिकलेल्या मुलीने उधार-उसनवारीच्या संसारात का राहावे, ह्या तिच्या बाजूच्या प्रश्नास लेखकाने पुरती सहानुभूती दिलेली नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मधील कौतिक हा ठळक अपवाद होय. संसार सावरण्यासाठी तिने केलेली धडपड मराठी वाचकाच्या स्मरणात आहे. पण शाळेत गेलेल्या, बचत गटात बसलेल्या, पंचायतीत निवडून आलेल्या स्त्रीची ह्या तोडीची कादंबरी ह्या मालिकेत अद्याप बसवावयाची आहे. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखून दिल्या. खेड्यातील सत्तेत एवढा मोठा बदल घडला असता, त्याची दखल कादंबरीने आणि टीकेनेही अधिक नेटाने घ्यावयास हवी.

७

'ग्रामीण' ह्या शब्दावर आमचा राग नाही. एके काळी तो शब्द एक निशाण होता. शहरी मध्यमवर्गाच्या साहित्यात ज्यांना जागा नव्हती त्यांनी त्या निशाणाखाली आपली जागा मिळविली, आणि आनंद यादव त्या चळवळीच्या अग्रभागी होते. परंतु जे निशाण म्हणून उपयोगी पडले, ते अभ्यासक्रमात शिरल्यावर कुंपण झाले. विद्यार्थ्याला 'बनगरवाडी'तील व्यक्तिचित्रे विचारली जातात, 'गोतावळा'तील बोलीचे विशेष विचारले जातात. त्या वाडीला दुष्काळात आधार का मिळाला नाही, किंवा नारबाची मजुरी किती व ती कोण ठरवी, हे विचारले जात नाही. बोलीची टिपणे करणे आवश्यक आहे, पण ती टिपणे पूर्ण झाली म्हणजे कादंबरी शिकवून झाली, असे मानणे हा त्या माणसांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

आमच्यासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेवर वा सीमेपलीकडे मराठी शिकविणाऱ्या संस्थांना ह्या बाबतीत एक सोय आहे. आमचे विद्यार्थी मराठी कादंबरी वाचतात, आणि तिच्याशेजारी कन्नड, कोकणी, हिंदी वा तेलुगू जीवन प्रत्यक्ष पाहतात. धरणाखाली गेलेले गाव, मळ्यावर आलेला ट्रॅक्टर, शिकून घरी बसलेला मुलगा हे कोणा एका भाषेचे वैशिष्ट्य नाही, हे त्यांना सांगावे लागत नाही. ह्या कादंबऱ्या एका प्रांताच्या नसून एका देशाच्या विकासाच्या आहेत, हे त्यांना महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांपेक्षाही लवकर पटेल.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पदवी वर्गात ह्या चार कादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमाने एकत्र नेमाव्यात. प्रत्येकीबरोबर त्या त्या दशकाची थोडी आकडेवारी आणि एखादा कायदा विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, आणि आकड्यात काय आले व कादंबरीत काय आले, ह्यांची तुलना त्यांच्याकडून करून घ्यावी. त्यात काही ठिकाणी आकडा कादंबरीची चूक दाखवील, जसे आम्ही दुष्काळाच्या बाबतीत दाखविले. काही ठिकाणी कादंबरी आकड्याचे मौन दाखवील. दोहोंची भीड न बाळगता वाचणारा विद्यार्थी घडविता आला, तर शाळेकडून जे एकनाथला मिळाले नाही त्याचा काही अंश तरी आपण त्याच्या पुढच्या पिढीला दिला असे होईल. नोकरी देणे आपल्या हाती नाही. आपल्या काळाचा हिशेब दुसऱ्याने मांडून दिला, तर तो तपासून पाहण्याची सवय लावणे मात्र आपल्या हाती आहे, आणि शिक्षक म्हणून ते आपले कर्तव्यही आहे.